पाटी आणि पाटा

१

नगराच्या इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न केला तर अभ्यासक बखरी, फर्माने, प्रवासवृत्ते, गॅझेटिअर आणि शिलालेख यांची नावे घेतो. गल्लीच्या तोंडावरची, दुकानाच्या कपाळावरची, विहिरीच्या कठड्यावरची पाटी त्या यादीत सहसा येत नाही. पाटी ही व्यवहाराची गोष्ट. आज रंगवली, उद्या पुसली. तिचे आयुष्य थोडे म्हणून तिचे साक्षीमूल्यही थोडे, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः शिलालेख कोरवून घेणाऱ्याची नजर भविष्यावर असते, त्यामुळे तो विचार करून बोलतो. पाटी रंगवून घेणाऱ्याला आजचे गिऱ्हाईक हवे असते. म्हणून त्या दिवशी कोणती भाषा प्रतिष्ठेची होती, कोणती लिपी वाचता येत होती आणि कोणते जुने नाव लोकांच्या तोंडून अजून गेले नव्हते, हे पाटी नकळत सांगून जाते. जे पाटीवर नसते तेही महत्त्वाचे असते, आणि त्याचा विचार या लेखात अधिक करावा लागणार आहे.

पाट्या वाचायच्या तर नगर अनोळखी असलेले बरे. रहिवासी आपल्या गावातील पाट्या वाचत नाही. त्याला वाट ठाऊक असते. परक्याला दुसरा आधार नसतो, म्हणून तो अक्षर न् अक्षर वाचतो. वाचनाला वेगही बेताचा लागतो. मोटारीतून पाटी दिसते तोवर मागे पडते, आणि पायी एका दिवसात नगराचा एक कोपराच होतो. सायकल हे या कामाचे योग्य वाहन आहे. ती अरुंद गल्लीत शिरते, कुठेही थांबते, आणि सायकलवरून उतरलेल्या माणसाशी लोक सहज बोलतात. थरच्या वाळवंटातील बिकानेर या नगरात आम्ही जानेवारीतील काही दिवस असे वाचन केले. आमच्यापैकी एक मराठीचे अध्यापक, दुसरे इतिहासाचे. दोघांनाही हे नगर पूर्णपणे नवे. त्या वाचनातून हाती आलेले काही दुवे येथे मांडत आहोत.

२

बिकानेर हे नाव मराठी माणूस नगर पाहण्यापूर्वी पाटीवरच वाचतो. मिठाईच्या आणि फरसाणाच्या दुकानांमुळे ते आपल्या गावोगावी पोहोचले आहे. बिकानेरी भुजिया ही मटकीच्या पिठाची; महाराजा डूंगरसिंह यांच्या काळात, १८७७ च्या सुमारास, ती तेथे प्रथम झाली असे सांगतात. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु या खमंग ओळखीपलीकडे आपले वाचन जात नाही.

नगराची स्थापना जोधपूरच्या राव जोधाचा पुत्र राव बिका याने केली. स्थापनेची तिथी सांगणारा एक दोहा तेथे कोणीही म्हणून दाखवतो. संवत १५४५, वैशाख शुद्ध द्वितीया, शनिवार; म्हणजे इसवी सन १४८८. शके मोजण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला येथे पहिला अडसर येतो. आपण शकात ७८ मिळवतो, तेथे संवतातून ५७ वजा करावे लागतात. दोह्यात शनिवारासाठी ‘थावर’ हा शब्द येतो. हा आपल्या ‘स्थावर’ शब्दाचाच भाऊ. शनी हा मंदगती ग्रह, म्हणून त्याचा वार थावर. दर वर्षी त्या तिथीच्या सुमारास, वैशाखाच्या उन्हात, बिकानेर पतंग उडवून आपला वाढदिवस साजरा करते. नगराची जन्मपत्रिका दगडावर नसून लोकांच्या ओठांवर आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

किल्ल्याच्या नावातही एक असाच दुवा दडलेला आहे. राजा रायसिंह याने १५८९ ते १५९४ या काळात बांधलेला हा किल्ला चिंतामणी या नावाने ओळखला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी राजघराणे नव्या लालगड राजवाड्यात राहायला गेले आणि मागे राहिलेला किल्ला ‘जूनागढ’ झाला. ‘पुराना’ म्हणणाऱ्या हिंदी भाषकाला या नावाचा अर्थ क्षणभर विचारावा लागतो. आपल्याला तो विचारावा लागत नाही. जुना गड. राजस्थानीत ‘जूनो’, मराठीत ‘जुना’. सरकारी हिंदी पाट्यांच्या गर्दीत या एका नावात तेथील बोली उघडपणे टिकून आहे, आणि ती ओळखायला मराठी कान पुरेसे आहेत.

३

जुन्या नगराचे प्रमुख प्रवेशद्वार म्हणजे कोटगेट. तेथवर जाणाऱ्या मुख्य बाजारपेठेच्या रस्त्याचे नाव कागदोपत्री महात्मा गांधी मार्ग, पण रिक्षावाल्यापासून कापडदुकानदारापर्यंत सर्वांच्या तोंडी ‘के.ई.एम. रोड’. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही तीन अक्षरे रुग्णालयाची वाटतात. मूळ तेच आहे: किंग एडवर्ड मेमोरियल. १९१० मध्ये सातवा एडवर्ड वारला आणि त्याच्या स्मरणार्थ ब्रिटिशांकित हिंदुस्थानात ठिकठिकाणी काही ना काही उभे राहिले. परळला १९२६ मध्ये रुग्णालय झाले, बिकानेरात महाराजा गंगासिंह यांच्या राज्यात रस्ता. आता राजाचे नाव कोणालाच आठवत नाही, आणि नेमकी म्हणूनच ती अक्षरे टिकली. अर्थ गळून गेलेल्या नावाचा कोणाला राग येत नाही.

कोटगेटजवळच लोहमार्ग नगराला छेदून जातो. रेल्वे येथे १८९१ मध्ये आली. फाटक बंद झाले की सायकली, उंटगाड्या, मोटारी, शाळेची मुले सर्व थांबतात. आमच्या वाचनाला त्या सक्तीच्या विश्रांतीचा उपयोगच झाला. फाटकापाशी उभे राहून समोरच्या पाट्या वाचताना एक गोष्ट लक्षात येते. बोलण्यात ऐकू येणारा ‘ळ’ पाट्यांवर कुठेही नाही. राजस्थानीत ‘ळ’ हा मराठीसारखाच जिता वर्ण आहे. माणसे ‘गळी’ म्हणतात, रंगारी ‘गली’ लिहितो. हिंदी लेखनात या वर्णाला जागा नाही, आणि पाटीची भाषा हिंदी आहे. संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाला तेथील वृद्ध ‘छपनियो काळ’ म्हणतात. पुस्तकात तो ‘छप्पनिया अकाल’ होतो. आपण ‘दुष्काळ’ म्हणतो तोच हा ‘काळ’. एका वर्णाच्या अभावी शब्दाची आपल्याशी असलेली सोयरीक दिसेनाशी होते.

तटाच्या आत नगर चौकांत आणि ‘गुवाडां’त वाटलेले आहे. मोहता चौक, डागा चौक, दम्माणी चौक, कोचरांचा चौक, आचार्यांचा चौक, बारह गुवाड, तेलीवाडा. नावे वाचत गेले की जातींची आणि कुळांची वस्ती कशी बसली याचा नकाशा आपोआप तयार होतो. काही नावे विहिरींची आहेत: सोनगिरी कुआं, चौतीना कुआं, अलख सागर. शंभर-दोनशे फुटांहून खोल पाणी असलेल्या या प्रदेशात विहीर हीच पत्ता सांगण्याची खूण असणार, यात नवल नाही. गंगासिंहांनी सतलजचे पाणी आणणारा गंग कालवा १९२७ मध्ये खुला केला आणि राज्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले. पुढे इंदिरा गांधी कालव्याचे पाणी आले. नळ आले तरी पत्ते विहिरींचेच राहिले.

डागा चौकात आम्ही थोडे अधिक थांबलो. नागपूरचे कस्तुरचंद पार्क ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते सर कस्तुरचंद डागा याच बिकानेरच्या डागा घराण्यातले. बन्सीलाल अबीरचंद या नावाने त्यांची पेढी कामठी-नागपूरला चाले, हिंगणघाटला कापडगिरणी होती, आणि नागपुरातील डागा रुग्णालयाच्या पाटीवर ते आडनाव आजही आहे. विदर्भातील माणूस ज्या पाटीखालून रोज जातो तिचे मूळ या चौकात आहे. आसपासच्या गल्ल्यांतील लाल दगडाच्या हवेल्या, त्यांच्या जाळ्या आणि झरोके, यांचा खर्च कलकत्ता, मुंबई, वऱ्हाड, हैदराबाद येथल्या व्यापारातून आला. घर येथे आणि दुकान तेथे, अशी ही दोन टोकांची संस्कृती होती.

ही दोन टोके जोडणारा कागद ज्या लिपीत लिहिला जाई ती लिपी मात्र नगरात आता कोणत्याही पाटीवर दिसली नाही. तिला महाजनी म्हणतात, मुडिया म्हणतात, काही ठिकाणी ‘मोडी’ही म्हणतात. आपल्या मोडीशी तिचे केवळ नावाचे साम्य, घडण वेगळी. व्यापाऱ्यांच्या या लिपीत स्वरचिन्हे बहुधा गाळली जात. त्यावरून एक विनोद राजस्थानभर प्रसिद्ध आहे: ‘काकाजी अजमेर गेले’ असे पत्र आले, वाचणाऱ्याने ‘काकाजी आज मेले’ असे वाचले आणि घरात रडारड झाली. मूळ बोलीत ‘अजमेर’ आणि ‘आज मर’ यांची व्यंजने तीच. विनोद बाजूला ठेवला तर यातून एक गंभीर गोष्ट कळते. ही लिपी जाणकारासाठीच होती. ज्याला मजकूर आधीच अर्धा ठाऊक आहे त्यालाच तो वाचता यावा, अशी तिची रचना. व्यापाराचे गुपित राखण्यासाठी ते सोयीचे होते. पण जाणकार संपले की वह्याही संपल्या. महाराष्ट्रात मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, तरी तिची लाखो पाने आज वाचकाची वाट पाहत पडली आहेत. वऱ्हाड-खानदेशातील सावकारी पेढ्यांच्या मुडिया वह्यांना तर विचारणाराही कोणी नाही. आपल्याकडच्या कर्जाचा, कापसाचा, दुष्काळातील धान्यभावाचा इतिहास त्या वह्यांत आहे.

४

किल्ल्यात शिरताना दोन लेख भेटतात. एक अक्षरांत आहे, दुसरा अक्षरांविना.

पहिला सूरजपोलाच्या बाजूला लावलेली रायसिंह प्रशस्ती. जइता नावाच्या जैन मुनीने रचलेला हा संस्कृत लेख १५९४ चा आहे. राव बिकापासून रायसिंहापर्यंतच्या राजांची परंपरा, त्यांचे पराक्रम आणि किल्ल्याच्या पायाभरणीची तिथी त्यात दिली आहे. प्रशस्तीचे सर्व संकेत त्यात सांभाळलेले आहेत. राजाला आपण कोण म्हणून लक्षात राहावे असे वाटत होते, हे ती नेमके सांगते.

दुसरा लेख दौलतपोलावर आहे. भिंतीवर हातांचे ठसे कोरलेले आहेत, ओळीने, लहान लहान. राजांच्या मृत्यूनंतर सती गेलेल्या स्त्रियांचे ते हात. पाहुणे तेथे थांबतात, मोजतात, छायाचित्रे घेतात. नाव कोणत्याही हाताखाली नाही. प्रशस्तीत पुरुषांची पिढ्यान् पिढ्यांची नावे समासांनी गुंफलेली आहेत, आणि काही पावलांवर या स्त्रियांना अक्षर मिळू नये, फक्त हात मिळावा, हा योगायोग नव्हे. सही करणाऱ्याला सही येत नसली की आपल्याकडे अंगठा घेतात. अंगठा संमतीचे चिन्ह मानला जातो, आणि संमती खरी होती का हे त्या ठशावरून कधीच कळत नाही. दौलतपोलावरील हातांबाबत तोच प्रश्न शतकानुशतके भिंतीवर आहे. त्यांना पूज्य मानून हात जोडणे किंवा रोमांचक म्हणून छायाचित्र काढणे, या दोन्ही कृतींत वाचन टळते.

नगराच्या पूर्वेस काही किलोमीटरवर देवीकुंड सागर आहे. तेथे राजघराण्याच्या छत्र्या आहेत. सायकलने वाऱ्याविरुद्ध जायला तासभर लागला. छत्रीखालील स्मारकशिळेला तेथे ‘देवळी’ म्हणतात. आपल्या वीरगळांची आणि सतीशिळांची आठवण होते. शिळेवर घोडेस्वार राजा, आणि समोर हात जोडून उभ्या स्त्रिया. येथील लेखांत मात्र राजाच्या निधनाची तिथी दिल्यावर त्याच्याबरोबर जळालेल्या काही स्त्रियांची नावेही येतात. राण्यांची, क्वचित दासी-पासवानांची. महाद्वारावर, जिथे सारे नगर पाहते, तिथे नाव नाही. स्मशानात, जिथे कोणी येत नाही, तिथे आहे. कोणता मजकूर कुठे लावायचा, हा निर्णयही मजकुराचाच भाग असतो.

५

बिकानेरच्या वाळूत शिळा वाचत हिंडणारा सर्वांत चिकाटीचा परका वाचक म्हणजे लुइजी पिओ टेस्सितोरी. १८८७ मध्ये इटलीतील उदिने येथे जन्मलेला हा भाषाशास्त्रज्ञ १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला. तुलसीदासाचे रामचरितमानस आणि वाल्मीकीचे रामायण यांची तुलना त्याने भारतात पाऊल ठेवण्यापूर्वीच केली होती. बंगालच्या एशियाटिक सोसायटीने राजपुतान्यातील चारणी व ऐतिहासिक साहित्याच्या पाहणीचे काम त्याच्यावर सोपवले. चारणांच्या घरोघरच्या पोथ्या, गावोगावच्या देवळ्या, विहिरींवरचे लेख, यांच्या शोधात तो उंटावरून हा प्रदेश फिरला. जुन्या पश्चिमी राजस्थानीच्या व्याकरणावरील त्याची लेखमाला १९१४ ते १९१६ या काळात ‘इंडियन अँटिक्वेरी’त आली. गुजराती आणि मारवाडी या एका मुळातून कशा फुटल्या हे तिने दाखवले. रायसिंहाचा धाकटा भाऊ पृथ्वीराज राठोड याच्या ‘वेलि क्रिसन रुकमणी री’ या काव्याची त्याने सिद्ध केलेली आवृत्ती १९१९ मध्ये प्रसिद्ध झाली. शीर्षकातील शेवटचा ‘री’ पाहावा. मराठीत जे चा-ची-चे, ते राजस्थानीत रो-री-रा.

पल्लू या गावी त्याला संगमरवरी जैन सरस्वतीच्या मूर्ती मिळाल्या; त्यांतील एक दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, दुसरी बिकानेरच्या संग्रहालयात. कालीबंगा येथील टेकाडाचे प्राचीनत्वही त्याच्या नजरेने हेरले होते. सिंधू संस्कृती हे नाव तेव्हा अस्तित्वात यायचे होते. आईच्या आजारपणामुळे तो १९१९ मध्ये इटलीला गेला, परतला तो आजारी, आणि त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, बत्तिसावे वर्षही पूर्ण होण्यापूर्वी, बिकानेरात वारला. त्याची समाधी तेथेच आहे. परक्या माणसाने ज्या भाषेला व्याकरण दिले, ती भाषा तिच्याच नगराच्या पाट्यांवर नाही, हे त्याच्या समाधीपाशी उभे राहिले की अधिक बोचते.

६

मराठी अभ्यासकाला या नगराशी बांधणारा सर्वांत घट्ट धागा सतराव्या शतकातला आहे. बिकानेरचा राजा कर्णसिंह मोगलांच्या चाकरीत दीर्घकाळ दक्षिणेत होता. १६६९ मध्ये औरंगाबादेतच तो वारला. त्या नगराच्या भोवती त्याने आणि त्याच्या मुलांनी पुरे वसवले: कर्णपुरा, पदमपुरा, केसरीसिंहपुरा. पद्मसिंह आणि केसरीसिंह हे कर्णसिंहाचे पुत्र. आज त्या नगराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे, पण कर्णपुरा आणि पदमपुरा ही नावे तशीच आहेत. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा भरते, तेव्हा साऱ्या मराठवाड्यातून माणसे येतात. हा कर्ण महाभारतातला असावा अशी सर्वसाधारण समजूत दिसते. तो वाळवंटातून आलेला राठोड राजा होता, हे तेथील पाटीला कोणी विचारलेले नाही.

कर्णसिंहाचा वारस अनूपसिंह. त्याची कारकीर्द १६६९ ते १६९८. विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये औरंगजेबाच्या हाती गेले. त्या मोहिमांत अनूपसिंह होता, आणि शेवटी आदोनीच्या ठाण्यावरच वारला. लढाईच्या धामधुमीत हा माणूस पोथ्या गोळा करीत होता. दक्षिणेतून बिकानेरला गेलेल्या पोथ्यांतून आणि मूर्तींतून जे उभे राहिले ते दोन ठिकाणी दिसते: मूर्ती जुनागडातील तेहतीस कोटी देवांच्या मंदिरात, आणि पोथ्या अनूप संस्कृत ग्रंथालयात. या संग्रहाची पहिली मोठी सूची राजेंद्रलाल मित्र यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केली. अनूपसिंहाच्या आश्रयाला असलेल्या भावभट्टाने ‘अनूपसंगीतविलास’, ‘अनूपसंगीतरत्नाकर’ आणि ‘अनूपांकुश’ हे ग्रंथ रचले. विष्णु नारायण भातखंडे यांनी जुन्या संगीतपद्धतींचा तुलनात्मक अभ्यास केला त्यात या भावभट्टाची दखल घेतलेली आहे.

याच संग्रहात कवींद्राचार्य सरस्वती यांच्या ग्रंथालयातील काही पोथ्या आल्या आहेत. कवींद्राचार्य मूळचे गोदातीरचे ऋग्वेदी ब्राह्मण. पुढे काशीला जाऊन संन्यासी झाले. काशी-प्रयागचा यात्राकर माफ करावा म्हणून ते शाहजहानच्या दरबारी उभे राहिले आणि कर माफ झाला. त्यांच्या पोथ्यांवर मालकीची एक संस्कृत ओळ लिहिलेली असे. त्यांचे ग्रंथालय विखुरल्यावर कोणती पोथी कुठे गेली, हे त्या ओळीमुळेच कळू शकले. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांच्यासारख्या संशोधकांनी अशा खुणांवरून ग्रंथांचे प्रवास जुळवले. पोथीच्या कडेला लिहिलेली एक ओळ ही देखील पाटीच. गोदाकाठच्या माणसाची पोथी काशीला गेली, तेथून वाळवंटात पोहोचली, आणि तिच्यावरची पाटी पुण्यातील माणसाने वाचली.

चित्रांबाबतही असेच आहे. बिकानेरच्या सतराव्या शतकातील चित्रांवर दख्खनी शैलीची छाया पडलेली दिसते. स्वारीवरच्या राजांबरोबर चित्रे आणि अभिरुची दोन्ही प्रवास करीत होती. या चित्रांच्या पाठीवर चित्रकाराचे नाव आणि संवत लिहिण्याचा प्रघात असल्यामुळे भारतीय लघुचित्रांच्या इतिहासात बिकानेरला वेगळे स्थान आहे. समोरून पाहणाऱ्याला जे दिसत नाही ते पाठीमागे लिहिलेले असते.

तिसरा धागा राजस्थान राज्य अभिलेखागाराचा. १९५५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९६० पासून बिकानेरात आहे, आणि जुन्या जयपूर संस्थानची कागदपत्रे आता तेथे आहेत. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्यास गेले तेव्हाच्या घडामोडींची समकालीन राजस्थानी पत्रे जयपूरच्या त्या दप्तरातली. जदुनाथ सरकार आणि रघुवीरसिंह यांनी संपादिलेला त्यांचा संग्रह १९६३ मध्ये निघाला. त्या पत्रांतील आग्र्याचे चित्र बखरींपेक्षा जवळून काढलेले आहे, आणि ते एका राजपूत सरदाराच्या माणसांनी आपल्या बोलीत काढलेले आहे. महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत नाट्यमय प्रसंगाचे साक्षीदार ज्या भाषेत बोलतात, ती भाषा शिकण्याची सोय आपल्या किती विद्यापीठांत आहे, हा प्रश्न साहित्याच्या अध्यापकांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

७

आता लेखाच्या शीर्षकातील दुसऱ्या शब्दाकडे वळू. बिकानेरच्या चौकाचौकांत मोठमोठे लाकडी ‘पाटे’ मांडलेले असतात. आपला जेवणाचा ‘पाट’ आणि हा ‘पाटा’ एकाच कुळातले; आकार मात्र एवढा की दहा-पंधरा माणसे ऐसपैस बसावीत. उन्हाळ्यात रात्र रात्र पाट्यांवर गप्पा चालतात, हिवाळ्यात दिवसा ऊन खात. निवडणूक, लग्नाची बोलणी, भावकीचे तंटे, दुखवट्याची बैठक, कविता, निंदानालस्ती, सर्व काही पाट्यावर. होळीच्या दिवसांत याच चौकांत ‘रम्मत’ हे लोकनाट्य रात्रभर रंगते. पाटा हा कुळाचा, गुवाडाचा. त्यावर कोणी बसावे याचे अलिखित नियम असतात, आणि त्यांतून जातीची व लिंगाची उतरंड दिसल्यावाचून राहत नाही. आम्हांला दिसलेल्या पाट्यांवर बहुतेक पुरुषच बसले होते. म्हणून पाट्याचे भाबडे कौतुक करण्याचे कारण नाही.

तरीही पाटीवर जे नाही ते पाट्यावर आहे. ‘ळ’ आहे, ‘रो’ आणि ‘री’ आहेत, संवत १९५६ चा काळ आहे, कोणता शेटजी कोणत्या मुलखात गेला आणि परत आला नाही याची हकीकत आहे. आम्ही सायकली भिंतीला टेकवून उभे राहिलो की कुणीतरी सरकून जागा करून देई आणि पहिला प्रश्न ठरलेला असे: ‘कठै सूं आया?’ महाराष्ट्र म्हटल्यावर प्रत्येकाचा कोणी ना कोणी अकोला, जालना, इचलकरंजी किंवा मुंबईला असे. एका वृद्ध गृहस्थांनी हिशेबाची जुनी वही दाखवली. लिपी मुडिया होती. आजोबांची वही जपून ठेवली आहे, ती घरात कोणालाच वाचता येत नाही, असे ते हिंदीत म्हणाले; आणि आपल्या नातवाकडे वळून तेच वाक्य राजस्थानीत बोलले. नातवाने उत्तर हिंदीत दिले.

साहित्य अकादमीने राजस्थानीला १९७१ मध्ये साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. राजस्थानच्या विधानसभेने २५ ऑगस्ट २००३ रोजी तिला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळावे असा ठराव एकमताने केला. ते स्थान तिला अद्याप मिळालेले नाही. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या आनंदात उणेपणा आणण्यासाठी हे सांगत नाही. परंतु ज्या भाषेत ‘ळ’ आहे, ‘जूनो’ आहे, ज्या भाषेतील पत्रांवाचून आपला आग्र्याचा अध्याय अपुरा राहिला असता, ती भाषा आपल्या दारच्या पाटीवरही येऊ शकत नसेल, तर दर्जा म्हणजे काय याचा विचार दोन्ही नगरांत व्हायला हवा.

इतिहास अभिलेखागारात जपला जातो, हे खरे. पण तो वाचावासा वाटण्याची सुरुवात रस्त्यावर होते. एखाद्या विद्यार्थ्याने पदमपुऱ्यात राहत असताना हा पद्म कोण असे विचारले, नागपुरात कस्तुरचंद पार्कच्या कडेने जाताना डागा हे आडनाव कुठले असे विचारले, तर त्याला उत्तर देण्यासाठी कोणाला तरी बिकानेरची वाट धरावी लागेल. बिकानेरच्या मुलालाही जुनागडातील दख्खनी देव कुठून आले हे शोधायचे तर इकडे यावे लागेल. त्या वहीतील लिपी वाचणारे कोणी उरले नाही, तर दोघांच्याही प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी संपतील. तूर्त ती वही कापडात गुंडाळलेली आहे, आणि तिची पाने अजून कोरडी आहेत.